एकाच मजकुराच्या चार प्रती आणि त्यांची जुळवणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकच्या सातपूरला बसून मशिनांची मॅन्युअलं आणि टेंडरची कागदपत्रं तयार करते. द्राक्षांच्या हंगामात दिंडोरीकडच्या एका बागायतदार गटाचं फवारणीचं पत्रकही माझ्याकडेच असतं. या सगळ्यात लिहिण्याला वेळ कमी लागतो. वेळ खातं ते चार जणांनी चार ठिकाणी केलेले बदल एका प्रतीत आणणं. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली आहेत.

दोन्ही प्रती माझ्याकडे आहेत. शेजारीशेजारी उघडून जुळवता येतील ना?

फरक दिसतील. तो फरक कुणामुळे पडला, ते दिसणार नाही.

समजा, एका प्रतीत लिहिलंय "बोल्ट 45 न्यूटन-मीटरला आवळा" आणि दुसरीत आहे 40. आधी 40 होतं आणि पहिल्यानं ते 45 केलं, असं असेल तर 45 घ्यायचं. आधी 45 होतं आणि दुसऱ्यानं 40 केलं, तर 40 घ्यायचं. आधी 35 होतं आणि दोघांनीही आपापल्या परीनं बदललं, तर गप्प बसून फोन लावायचा. समोरच्या दोन प्रती कितीही वेळ न्याहाळल्या तरी यातलं काय घडलं ते कळत नाही. त्यासाठी तिसरी प्रत लागते: दोघांनी जिथून सुरुवात केली ती. तिला आम्ही बेस म्हणतो किंवा सरळ मूळ प्रत.

ही काही नवी अक्कल नाही. दोन फाइलींतला फरक दाखवणारा 'डिफ' युनिक्स या संगणकप्रणालीवर 1974 साली आला आणि तीन फाइली घेणारा 'डिफ-थ्री' 1979 च्या सातव्या आवृत्तीत. आजचं गिट (फाइलींच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम), तेसुद्धा मर्ज, म्हणजे प्रती एकत्र, करताना आधी मूळ प्रत शोधायलाच निघतं.

मग नियम काय?

एकानंच बदललं असेल तर त्याचं घ्या. दोघांनी अगदी तोच बदल केला असेल तर तो एकदाच घ्या. दोघांनी वेगवेगळं केलं असेल तर कॉन्फ्लिक्ट, म्हणजे माणसानं सोडवायची टक्कर. एकानं परिच्छेद उडवला आणि दुसऱ्यानं त्याच परिच्छेदात दुरुस्ती केली, तर तोही कॉन्फ्लिक्टच, आणि माझ्या मते सगळ्यांत चिवट. उडवणाऱ्याला वाटतं विषय संपला, दुरुस्ती करणाऱ्याला वाटतं विषय आता कुठे नीट झाला.

मूळ प्रत सापडत नाही. आता?

आधी मेलचा सेंट फोल्डर बघा. मग व्हॉट्सॲपवर तुम्ही सगळ्यांना पहिल्यांदा पाठवलेली फाइल. मग सहीसाठी काढलेली छापील प्रत किंवा पीडीएफ. दहांतल्या सात वेळा यातच मिळते, निदान माझ्याकडे तरी.

काहीच मिळालं नाही, तर सगळ्या प्रतींत जे सारखं आहे ते मूळ धरायचं आणि बाकी प्रत्येक फरक माणसानं हातानं सोडवायचा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानं महाभारताची चिकित्सक आवृत्ती याच अडचणीतून तयार केली. मूळ प्रत कुणाकडेच नाही, समोर हजारावर हस्तलिखितं, आणि पानापानाखाली पाठभेदांची नोंद. काम 1919 ला सुरू झालं आणि 1966 ला संपलं. तुमच्या टेंडरला एवढा वेळ मिळणार नाही, तेव्हा मूळ प्रत जपून ठेवा.

जुळवणीत 'संरचित' दस्तऐवज हा शब्द ऐकला. तो म्हणजे काय? माझी तर साधी वर्डची फाइल आहे.

तीही संरचितच आहे, म्हणजे मजकुराबरोबर त्याची मांडणीही आत नोंदवलेली असते. एकदा करून बघा: वर्डच्या फाइलीची कॉपी घ्या, नावातलं शेवटचं डॉक्सएक्स काढून तिथे झिप लिहा आणि उघडा. आत फोल्डर दिसतील. 'वर्ड' नावाच्या फोल्डरात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाइल असते, म्हणजे टॅग नावाच्या खुणा लावून साठवलेला मजकूर. तुमचा मजकूर तिथे. प्रत्येक परिच्छेदाला टॅग, तक्त्याला टॅग, तक्त्यातल्या ओळीला, ओळीतल्या चौकटीला. ट्रॅक चेंजेस (बदलांची नोंद ठेवायची सोय) चालू असेल तर घातलेल्या आणि खोडलेल्या मजकुरालाही वेगळे टॅग, त्यावर माणसाचं नाव आणि वेळ. थोडक्यात, झाडासारखी रचना: खोड, फांद्या, पानं.

त्याच फाइलीत एक गंमत दिसेल. तुम्हाला सलग दिसणारं वाक्य आत पाच-सहा तुकड्यांत मोडलेलं असतं. मधे कधीतरी फाइल सेव्ह करून पुढे लिहिलंत, की वर्ड तिथे नवा तुकडा पाडू शकतं. वाचणाऱ्याला फरक शून्य, पण तुलना करणाऱ्या प्रोग्रॅमला 'बदल'.

सगळं गिटमध्ये टाकलं की सुटलं ना?

प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांचं सुटलं. लिनस टोरवाल्ड्सनं 2005 साली गिट लिहिलं ते लिनक्स कर्नेलच्या कोडसाठी, आणि कोड ओळीओळीनं असतो. गिटची जुळवणीही ओळीनुसार चालते. मराठी गद्यात अख्खा परिच्छेद ही एकच ओळ असते. तुम्ही तिसऱ्या वाक्यात स्वल्पविराम घातला आणि मी सातव्या वाक्यात शब्द बदलला, की गिटच्या लेखी आपण दोघांनी एकच ओळ बदलली. झालं भांडण.

साधा मजकूर असेल तर एका ओळीत एकच वाक्य लिहायची सवय लावा, अर्धे कॉन्फ्लिक्ट तिथेच जातात. वर्डची फाइल थेट टाकलीत तर गिट फक्त एवढंच सांगेल की दोन बायनरी (ओळींनी वाचता न येणाऱ्या) फाइली वेगळ्या आहेत. ते तुम्हालाही माहीत होतं.

एक्सएमएल असेल तर तुलनेआधी तिन्ही प्रती एकाच पद्धतीनं मांडून घ्या. टॅगमधल्या ॲट्रिब्यूटचा (गुणधर्मांच्या नोंदींचा) क्रम एक्सएमएलच्या लेखी महत्त्वाचा नाही, ओळीनुसार पाहणाऱ्या डिफला मात्र तो फार महत्त्वाचा वाटतो.

आमच्या पत्रकात एक अक्षर बदललेलं नाही, तरी अख्खा परिच्छेद लाल दिसतो. का?

हा खास आपला, मराठीवाल्यांचा प्रश्न, म्हणून जरा थांबून सांगते.

'शेतकऱ्यांना' हा शब्द घ्या. यातला य ला डावीकडून जोडलेला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो. काही कीबोर्ड ऱ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरतात. काही साधा र, हलन्त आणि मधे एक न दिसणारं जोडचिन्ह टाकतात. पडद्यावर दोन्ही सारखे, छापल्यावर सारखे, फाइलीत मात्र वेगळे. ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर टाइप केलेलं पत्रक कुणी मोबाइलवर दुरुस्त करून पाठवलं आणि त्यानं तो शब्द पुन्हा लिहिला, की डिफ ओरडतो. द्राक्षाच्या पत्रकात 'शेतकऱ्यांना' हा शब्द किती वेळा येतो ते तुम्हीच मोजा.

तीच गत 'ॲ'ची. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या जागतिक यादीत, 2008 साली आलं. त्याआधी लोक अ लिहून त्यावर चंद्र ठेवायचे, आणि कित्येक जुन्या फाइलींत अजून तसंच आहे. 'ॲसिड' शोधलं तर जुना 'ॲसिड' सापडतच नाही, असा अनुभव तुम्हाला आला असेल, कारण हेच.

युनिकोडचं सामान्यीकरण नावाची एक प्रक्रिया असते, ती चालवली की हे सगळं जुळेल अशी भाबडी आशा मलाही होती. र आणि खालचा नुक्ता (टिंब) वेगवेगळे टाइप केले असतील तर ती त्यांचा ऱ करते. पण न दिसणाऱ्या जोडचिन्हाच्या र ला किंवा जुन्या ॲ ला ती हात लावत नाही. त्यासाठी स्वतःचं शोधा-बदला करून ठेवावं लागतं. माझ्याकडे अशा बदलांची एक छोटी यादी आहे, प्रत्येक कामाआधी ती चालवते. आकड्यांचंही एकदाच ठरवा: देवनागरी की इंग्रजी.

आणि हे लक्षात असू द्या: ही सफाई तिन्ही प्रतींवर करायची, मूळ प्रतीवरसुद्धा. फक्त एकाच्या प्रतीवर केलीत तर त्यानं अख्खं पत्रक बदलल्यासारखं दिसेल आणि दुसऱ्याच्या प्रत्येक खऱ्या दुरुस्तीशी त्याची टक्कर होईल. कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमधल्या फाइली असतील तर आधी त्या युनिकोडमध्ये आणा, एकाच कन्व्हर्टरनं. दोन कन्व्हर्टर वापरलेत तर दोन वेगळ्या चुका जुळवत बसाल.

तक्ते का बिघडतात?

कारण तक्ता आत ओळी-ओळींनी साठवलेला असतो, स्तंभ असा वेगळा नसतोच. तुम्ही 'शेरा' हा नवा स्तंभ घातला म्हणजे प्रत्येक ओळीत एकेक चौकट घातली. मी त्याच वेळी माझ्या प्रतीत नवी ओळ घातली, तिला जुन्याच हिशेबानं चौकटी आहेत. जुळवल्यावर माझी ओळ एका चौकटीनं तोकडी राहते. चांगली साधनं हे ओळखतात, साधी ओळखत नाहीत. स्तंभ वाढवायचे असतील तर ते प्रती वाटण्याआधी वाढवा.

एक्सेलमध्ये आणखी एक घात होतो. कुणीतरी नावानुसार सॉर्ट करतं, आणि मग बारावी ओळ कुणाची ते कुणालाच ठाऊक नसतं. म्हणून प्रत्येक ओळीला स्वतःची ओळख हवी: सभासद क्रमांक, प्लॉट क्रमांक, काहीही, पण न बदलणारं. जुळवणी त्या क्रमांकावर करायची, ओळ कितवी आहे त्यावर कधीच नाही.

इथे गट नंबर वापरायचा मोह होतो. तो 5/2 असा लिहिलात की एक्सेल त्याची 5 फेब्रुवारी करून टाकतं. मग चौकट मजकुराच्या प्रकारात बदलली तरी 5/2 परत येत नाही, भलतीच पाच आकडी संख्या येते. आकडे भरण्याआधीच तो स्तंभ 'टेक्स्ट' करून ठेवा. भरून झाल्यावर करून उपयोग नाही.

प्रोग्रॅमनं "एकही कॉन्फ्लिक्ट नाही" असं सांगितलं. म्हणजे प्रत बरोबर?

नाही. हे मी अनुभवानं शिकले आहे.

आमच्या फवारणी पत्रकात फळछाटणीनंतरचा दिवस, रोग किंवा कीड, औषध आणि प्रमाण असे स्तंभ होते. प्रमाणाच्या डोक्यावर लिहिलेलं: ग्रॅम, प्रति लिटर. गटातल्या एकाला ते सोयीचं वाटेना, कारण शेतात मिश्रण दोनशे लिटरच्या टाकीत होतं. त्यानं डोकं बदलून 'प्रति 200 लिटर' केलं आणि खालचे सगळे आकडे 200 नं गुणले. हिशेब चोख होता. त्याच आठवड्यात दुसऱ्यानं आपल्या प्रतीत भुरी रोगासाठी पाण्यात विरघळणाऱ्या गंधकाची एक नवी ओळ घातली, प्रमाण 2. त्याच्या प्रतीत ते प्रति लिटरच होतं, म्हणजे तेही बरोबर.

एकानं डोकं आणि जुन्या ओळी बदलल्या, दुसऱ्यानं नवी ओळ घातली. एकाच जागेला दोघांचा हात लागला नाही. मर्ज विनातक्रार झालं, मी खूश होऊन पत्रक पाठवून दिलं. संध्याकाळी फोन आला.

"ताई, दोनशे लिटरच्या टाकीला दोन ग्रॅम गंधक? वास तरी येईल का?"

नशीब, आकडा इतका हास्यास्पद होता. उलट झालं असतं, म्हणजे कुणी नव्या ओळीत 400 लिहून डोकं जुनं राहिलं असतं, तर हसायला कुणी उरलं नसतं. बाग करपली असती.

प्रोग्रॅमला जागा कळते, अर्थ कळत नाही. एकक डोक्यावर आणि आकडा खाली अशी रचनाच धोक्याची आहे, हे मला त्या फोननंतर कळलं. आता प्रत्येक चौकटीत आकडा आणि एकक एकत्र लिहितो: "2 ग्रॅम/लिटर". पत्रक थोडं गिचमिड दिसतं, दिसू दे. दुसरा उपाय म्हणजे जुळवणीनंतर तपासणीचे काही नियम चालवायचे: एका औषधाचं प्रमाण ठरावीक हद्दीत आहे का, रिकामी चौकट आहे का, एकच दिवस दोनदा आलाय का. आणि शेवटी ज्याला शेत कळतं अशा एकानं डोळ्यांखालून घालायचं.

मी परिच्छेद फक्त वरून खाली नेला. तो 'खोडला' आणि 'नवा घातला' असं का दिसतं?

झाडासारख्या रचनांची तुलना करायची जी शास्त्रीय रीत आहे, कुओ-चुंग ताई यांची 1979 ची आणि झांग-शाशा यांनी 1989 मध्ये वेगवान केलेली, तिच्यात तीनच क्रिया आहेत: घालणं, काढणं, नाव बदलणं. 'हलवणं' नाहीच. म्हणून हलवलेला भाग एकीकडे मेलेला आणि दुसरीकडे जन्मलेला दिसतो. त्याच वेळी दुसऱ्यानं जुन्या जागी त्यात दुरुस्ती केली असेल, तर ती दुरुस्ती मेलेल्या भागाबरोबर जाते.

प्रत्येक विभागाला कायमचा आयडी दिला असेल तर साधनाला तो पुन्हा ओळखता येतो. तेवढं जमणार नसेल तर एक शिस्त पाळा: हलवाहलव एका फेरीत, मजकुरातल्या दुरुस्त्या दुसऱ्या फेरीत. मॅन्युअलच्या कामात मी यावर हटून बसते, क्लायंट कितीही घाई करो.

दोघांनीही नवं 'कलम 8' घातलं. कोणाचं ठेवायचं?

दोन्ही. क्रमांक हातानं टाइप करूच नका, आपोआप येऊ द्या. आणि "कलम 7 पाहा" असं लिहायचं तर क्रॉस-रेफरन्स (क्रमांक आपोआप बदलणारा दुवा) वापरा, नाहीतर जुळवणीनंतर ते सातवं कलम भलतंच निघेल. हाउसिंग सोसायटीच्या नियमावलीत पार्किंगच्या दंडाचा उल्लेख पाण्याच्या टाकीच्या कलमाकडे बोट दाखवताना मी पाहिला आहे.

पाच जणांच्या पाच प्रती आल्यात. सगळ्या एकदम?

एकेक करून. पहिल्या दोन जुळवा, तयार झालेल्या प्रतीत तिसरी घाला, मग चौथी. या सगळ्या वेळी मूळ प्रत तीच राहते, जी पाचांना वाटली होती. सगळं झालं की नवी प्रत सर्वांना पाठवा आणि सांगा की जुनी उघडायची नाही. पुढच्या फेरीची मूळ प्रत ही. कुणीतरी जुन्यावरच काम करून पाठवणार हे गृहीत धरा. त्याच्याशी जुळवताना त्याची जुनी मूळ प्रत काढायची, नवी नाही. नाहीतर मधल्या काळात झालेले सगळे बदल त्यानं उडवले असं दिसेल.

ऑनलाइन डॉक्युमेंटमध्ये सगळे एकत्र लिहितो. मग या कटकटी कशाला?

सगळ्यांना नेट असेल तर खुशाल तसं करा. एकाच वेळी अनेकांनी लिहिताना क्रिया परस्परांशी जुळवून घ्यायची पद्धत एलिस आणि गिब्स यांनी 1989 साली मांडली. ऑफलाइन राहूनही शेवटी सगळ्यांकडे एकच प्रत तयार व्हावी अशा रचनांना सीआरडीटी म्हणतात, तो शब्द 2011 चा. दोन्ही पद्धती एका गोष्टीची हमी देतात: सगळ्यांना शेवटी सारखंच दिसेल. ते शहाणपणाचं असेल याची हमी त्यांच्यात नाही. बैठकीचा वार आपण दोघांनी एकाच क्षणी बदलला, तर "सोमवारमंगळवार" असं काहीतरी दिसेल, आणि ते सगळ्यांना सारखंच दिसेल.

पेठ-सुरगाण्याकडे गेल्यावर रेंज कधी येते, कधी जाते, हा मुद्दा वेगळाच.

वर्डमधलं 'कम्पेअर' वापरू की 'कम्बाइन'?

दोनच प्रती असतील आणि एक जुनी, एक नवी असेल तर कम्पेअर. अनेकांच्या दुरुस्त्या, ज्याच्या त्याच्या नावासकट, एकत्र हव्या असतील तर कम्बाइन. फाँट आणि जाडपणा यांचे बदल मात्र वर्ड एकाच प्रतीचे ठेवू शकतं, कोणाचे ते तुम्हाला विचारतं. आणि कृपा करून पाठवण्याआधी 'ॲक्सेप्ट ऑल' दाबू नका. तुमच्या दृष्टीनं फाइल स्वच्छ झाली, माझ्या दृष्टीनं पुरावा गेला.

फाइलीला 'फायनल' नाव द्यावं का?

देऊ नका. तारीख आणि आद्याक्षरं लिहा.

कॉन्फ्लिक्ट कुणी सोडवायचे?

ज्यानं जुळवणी केली त्यानं नाही. ज्याची त्या विषयावर सही चालते त्यानं. बोल्ट किती आवळायचा तो टॉर्कचा आकडा मी ठरवत नाही, डिझाइनवाल्याला विचारते. दोन्ही आकडे, दोन्ही नावं आणि मूळ आकडा एका ओळीत लिहून पाठवते, म्हणजे त्यालाही फाइल उघडत बसावं लागत नाही. "तुम्हीच बघून घ्या" असं उत्तर आलं तर पुन्हा पाठवते.

घरच्या लग्नाच्या आमंत्रणांच्या यादीला हे चालेल का? दोन्हीकडचे बदल करतायत.

चालेल, आणि सरावाला यापेक्षा चांगलं काही नाही. ओळख म्हणून नाव धरू नका. एकाच्या यादीत 'बाळूकाका' असतात, दुसऱ्याच्या यादीत त्यांचं पाळण्यातलं नाव. घराचा फोन नंबर धरा. पहिली यादी कोणत्या तारखेची ते लिहून ठेवा. एकानं इंदिरानगरचे काका यादीतून काढले आणि दुसऱ्यानं त्यांच्यापुढचा आकडा 2 चा 4 केला, तर तो कॉन्फ्लिक्ट आईकडे पाठवायचा, आणि तिनं काय ठरवलं ते दोन्ही प्रतींत त्याच दिवशी लिहायचं.